खटला जिथे चालला तिथेच

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एखाद्यावर खटला झाला होता का, हे पाहायला निघालेला माणूस बहुधा चुकीच्या दारातून आत शिरतो. तो कुठल्यातरी खासगी संकेतस्थळावर नाव टाकतो, थोडे पैसे भरतो आणि समोर आलेल्या ओळी खऱ्या मानून चालतो. देशभरच्या अशा खटल्यांचे एकच दप्तर कुठेतरी असणार, अशी त्याची समजूत असते. असे दप्तर नाही. पन्नास राज्यांत मिळून तीन हजार शंभरहून अधिक काउंट्या आहेत आणि खटल्याची मूळ नोंद त्या त्या काउंटीतल्या, कित्येकदा तिथल्या एखाद्या लहानशा गावातल्या न्यायालयाच्या क्लार्ककडे असते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण तिथला हा क्लार्क बऱ्याच राज्यांत वरून नेमलेला नसतो, लोकांनी निवडून दिलेला असतो. दप्तर कसे लावायचे, संगणकावर किती दाखवायचे, नकलेचे किती पैसे घ्यायचे, यात राज्याराज्यांत आणि काही ठिकाणी काउंटीकाउंटींतही फरक पडतो. अशा नोंदी शोधण्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाची पहिली तक्रार असते की सगळे विखुरलेले आहे. माझीही होती. काम करत गेलो तसे मत उलटे झाले. ही नोंद काउंटीतच राहावी, तिथेच वाचली जावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली जावी, असे मला आता वाटते. तिथून उचलून दुसरीकडे नेलेल्या नोंदीत खटल्याची सुरुवात असते, शेवट असेलच असे नाही.

शोधाची अडचण गुन्ह्याच्या नावापासूनच सुरू होते. टेक्सास, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत त्याला डीडब्ल्यूआय म्हणतात, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात डीयूआय, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ओडब्ल्यूआय, ओहायोत ओव्हीआय, मॅसॅच्युसेट्समध्ये ओयूआय. नुसती नावेच वेगळी असती तर एक तक्ता करून भागले असते. खरा घोळ खटला कोणत्या न्यायालयात चालतो यात आहे, आणि त्यासाठी न्यू जर्सीइतके चांगले उदाहरण नाही. या राज्यात दारू पिऊन गाडी चालवणे हा फौजदारी कायद्याच्या अर्थाने गुन्हाच नाही. तो वाहतूक कायद्याचा, तिथल्या भाषेत ‘टायटल ३९’चा, भंग आहे. खटला काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात जात नाही. ज्या गावाच्या हद्दीत गाडी अडवली त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात तो उभा राहतो, ज्युरीशिवाय एकच न्यायाधीश तो ऐकतो. शिक्षा मात्र हलकी नाही. पहिल्याच वेळी तीस दिवसांपर्यंत कैद होऊ शकते, परवाना जातो किंवा गाडीत श्वास तपासणारे कुलूप बसते, दंडावर अधिभार चढतो. आता मिडलसेक्स काउंटीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या कुणाची नोंद पाहायला एखादा माणूस काउंटीच्या फौजदारी सूचीत नाव टाकतो. (एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे उदाहरण आपल्या वाचकाला दूरचे नाही.) सूची कोरी येते आणि शोधणारा समजतो की या माणसावर काहीच नव्हते. वास्तविक त्याने चुकीचे दप्तर उघडलेले असते. याची दुसरी बाजू आणखी बोचरी आहे. हा गुन्हा नसल्यामुळे फौजदारी नोंद पुसून टाकण्याची जी सोय कायद्यात आहे, ती याला लागू होत नाही. चोरीच्या एखाद्या जुन्या प्रकरणाची नोंद योग्य मुदतीनंतर पुसली जाऊ शकते. डीडब्ल्यूआयची नाही.

विस्कॉन्सिनमध्ये चित्र पुन्हा बदलते. तिथे पहिल्या वेळचा ओडब्ल्यूआय साधारणपणे दिवाणी स्वरूपाचा दंड मानला जातो. दुसऱ्या वेळेपासून तो गुन्हा होतो. बहात्तरही काउंट्यांच्या सर्किट कोर्टांतले खटले एकाच सरकारी संकेतस्थळावर दाखवण्याची सोय या राज्याने १९९९ पासून केली आहे आणि ती खरोखर चांगली आहे. तरीही मिलवॉकी शहराच्या म्युनिसिपल कोर्टात निकाली निघालेले पहिल्या वेळचे प्रकरण त्या संकेतस्थळावर सापडत नाही, कारण ते सर्किट कोर्टाचे नाही. न्यू यॉर्क राज्यात शहरांबाहेर साधा डीडब्ल्यूआय गावोगावच्या टाउन आणि व्हिलेज कोर्टांत चालतो, गंभीर स्वरूपाचा काउंटी कोर्टात जातो. राज्याचे मोफत संकेतस्थळ फक्त पुढची तारीख पडलेली प्रकरणे दाखवते. निकाल लागला की ओळ नाहीशी होते आणि मग राज्याच्या न्यायालय प्रशासनाकडे ९५ डॉलर भरून शोध मागावा लागतो. टेक्सासच्या २५४ काउंट्यांत तर एकाच इमारतीत दोन दप्तरे असतात. पहिल्या आणि दुसऱ्या वेळचा डीडब्ल्यूआय सहसा काउंटी क्लार्ककडे, तिसऱ्या वेळचा डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, कारण तिसरी वेळ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. एका खिडकीवर ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले म्हणून परतलेला माणूस नेमकी तीच नोंद सोडून आलेला असतो जी सर्वांत गंभीर होती. हे सगळे नियम कुणा एका यंत्रात भरता येणार नाहीत असे नाही. पण ते भरणाऱ्याला आधी ते माहीत असावे लागतात. नाव टाका आणि मिळवा, अशी जाहिरात करणारे बहुतेक जण तेवढे कष्ट घेत नाहीत.

योग्य दप्तर सापडले तरी काम अर्धेच झालेले असते. महाराष्ट्रातल्या कोर्टांत ज्याला रोजनामा म्हणतात, तसाच तिथला डॉकेट असतो. तारखेवार एकेक ओळ, त्या दिवशी काय घडले त्याची. पहिली ओळ तक्रार दाखल झाल्याची, मग आरोपीची पहिली हजेरी, वकीलपत्र, श्वासचाचणीचा पुरावा वगळावा म्हणून केलेला अर्ज, त्यावरचा आदेश, तडजोड, कबुली, शिक्षा, प्रोबेशन, अटी पूर्ण झाल्याची नोंद. वाचणाऱ्याने सवयच लावून घ्यावी लागते की आधी शेवटची ओळ पाहायची आणि मग मागे यायचे. कारण मथळ्यावर आरोपाचे जे नाव छापलेले असते ते पहिल्या दिवसाचे असते. निकालाच्या दिवशी आरोप तोच राहिला असेल असे नाही. फिर्यादी पक्षाने खटला मागे घेतलेला असू शकतो. न्यायाधीशाने पुरावा नाकारल्यावर तो कोसळलेला असू शकतो. पेनसिल्व्हेनियात पहिल्या वेळच्या अनेक आरोपींना एआरडी नावाच्या कार्यक्रमात घालतात. त्यात अटी पूर्ण केल्यावर दोषसिद्धी न होता प्रकरण संपते. ते वाचताना ‘दोषी’ लिहिणे चूक आणि ‘निर्दोष सुटला’ लिहिणेही चूक. कॅलिफोर्नियात तडजोडीने डीयूआयचा आरोप बेदरकार वाहन चालवण्यावर आणता येतो. त्याला तिथले वकील ‘वेट रेकलेस’ म्हणतात. वरवर पाहणाऱ्याला त्यात दारूचा उल्लेखच दिसत नाही. पण कलमाचा आकडा २३१०३.५ असेल तर जाणकाराला कळते की पुढे पुन्हा डीयूआय झाला तर ही नोंद आधीची म्हणून मोजली जाईल. म्हणजे वरवर पाहणारा दोन्ही बाजूंनी फसतो. सुटलेल्याला तो दोषी समजतो आणि ज्याची नोंद खरोखर वजनदार आहे त्याला तो किरकोळ समजतो.

शेरीफच्या तुरुंगात दाखल झालेल्यांची यादी आणि त्यासोबतचे छायाचित्र, हे तर खटल्याच्याही आधीचे आहे. ती अटकेची नोंद आहे, न्यायालयाची नाही. तरीही खासगी संकेतस्थळांवर सगळ्यात लवकर आणि सगळ्यात ठळक तीच चढते, कारण ती रोज सकाळी तयार मिळते. न्यायालयाचा निकाल काही महिन्यांनी, कधी वर्षाने लागतो आणि तोवर तिकडे पुन्हा पाहायला कुणी येत नाही. अटकेला निकालाइतके वजन देऊ नये, हे अमेरिकी कायद्याने मान्य केलेले आहे. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार नोकरीसाठी पार्श्वभूमीचा अहवाल देणाऱ्या संस्थेला, काही अपवाद सोडले तर, सात वर्षांहून जुनी अटक अहवालात घालता येत नाही. दोषसिद्धीला ती मुदत नाही. परंतु कायदा ज्या अहवालांना लागू आहे त्यांना हे बंधन. ‘आम्ही असे अहवाल देत नाही, फक्त माहिती दाखवतो’ असे खाली बारीक अक्षरांत लिहिणाऱ्या संकेतस्थळांवरून शेजारी, वधूवरांचे नातेवाईक, भाडेकरू शोधणारे घरमालक आपापले निष्कर्ष काढून मोकळे होतात.

नावांचा प्रश्न आपल्या लोकांना अधिक भोवतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. तिथले दप्तर पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तीन खणांत लावलेले असते, आणि मधले नाव हे त्या माणसाचेच दुसरे नाव असते अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. कोणी पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून लिहितो, कोणी पूर्ण गाळतो, कोणी त्याचे फक्त आद्याक्षर ठेवतो. लग्नानंतर काही घरांत मुलीचे पहिले नावही बदलते, मग जुना परवाना एका नावाने आणि नवे कागद दुसऱ्या. त्यात देवनागरीतून रोमनमध्ये जाताना ‘वैद्य’, ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’ यांसारखी नावे जितके लिहिणारे तितक्या प्रकारे लिहिली जातात, आणि रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला तिकीट फाडणारा पोलीस ती आणखी एका प्रकारे लिहितो. उलट बाजूने ‘जोशी’, ‘पाटील’, ‘शाह’ ही आडनावे आणि ‘अमित’, ‘संजय’, ‘स्वाती’ ही नावे एवढी आहेत की न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाच्या एखाद्या मोठ्या काउंटीत एकाच नावाची अनेक माणसे निघणार हे ठरलेले. म्हणून नाव जुळले एवढ्यावर काहीही ठरवता येत नाही. जन्मतारीख, पत्ता, परवान्याचा क्रमांक यांपैकी दुसरी एखादी खूण मूळ कागदात जुळायला हवी. फक्त नावाच्या जोरावर माणसाला नोंद चिकटवणे कायद्याने मागितलेल्या काळजीत बसत नाही, असे अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानेही २०२१ साली म्हटले होते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशी खूण जुळवून पाहण्याच्या वाटेत अडथळा आणणारा एक निकाल लागला. रिव्हरसाइड काउंटीच्या सुपीरिअर कोर्टाने आपल्या संकेतस्थळावर जन्मतारीख किंवा परवान्याचा क्रमांक टाकून शोध बारीक करण्याची सोय दिली होती. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने तिला आव्हान दिले आणि अपील न्यायालयाने, राज्याच्या न्यायालयीन नियमांत ही सोय बसत नाही, असे सांगितले. त्यानंतर अनेक काउंट्यांनी जन्मतारखेची चाळणी काढून टाकली. ती परत आणणारे विधेयक विधिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केले, गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. सुटून आलेल्या माणसाची जुनी नोंद दोन कळा दाबून सापडू नये, हा संघटनेचा हेतू चांगला आहे. पण चाळणी काढल्याने शोध थांबत नाही, तो फक्त जाडाभरडा होतो. ज्याच्यावर खटला झाला त्याचे थोडे रक्षण होते आणि ज्याच्यावर कधीच झाला नाही, पण नाव तेच आहे, त्याच्या अंगावर संशय येतो. जन्मतारीख लोकांना दिसू नये, पण शोधणाऱ्याकडे ती आधीच असेल तर जुळते की नाही एवढे दप्तराने सांगावे, असे माझे मत आहे. तोवर मार्ग एकच उरतो. त्या काउंटीत जायचे किंवा तिथल्या माणसाला पाठवायचे, खटल्याचा क्रमांक द्यायचा आणि मूळ कागद मागायचा.

काउंटीतच जा, असे मी म्हणतो त्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वेगळे आहे. निकालही नंतर बदलतात. न्यू जर्सीत राज्य पोलिसांचा एक सार्जंट श्वासचाचणीची यंत्रे तपासून प्रमाणित करण्याचे काम करत होता. यंत्राचे तापमान ठरावीक प्रमाणित तापमापीने पडताळायचे, ही पायरी त्याने गाळल्याचा आरोप झाला. २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘राज्य विरुद्ध कॅसिडी’ या खटल्यात ठरवले की त्या तपासणीवर आधारलेले श्वासचाचणीचे निष्कर्ष पुरावा म्हणून चालणार नाहीत. अशा चाचण्या २०,६६७ होत्या, मिडलसेक्स, मॉनमथ, ओशन, सॉमरसेट आणि युनियन या पाच काउंट्यांतल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ साली याहून मोठे प्रकरण झाले. तिथे २०११ ते २०१९ या काळातल्या एका यंत्राच्या चाचण्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बाद ठरवल्या आणि सुमारे २७,००० माणसांना आपला खटला पुन्हा उघडण्याची वाट मोकळी झाली. मिशिगनने फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्या वेळचा ओडब्ल्यूआय, काही अटींवर, अर्ज करून रद्द करून घेण्याची सोय केली. आता विचार करा, यांपैकी एखाद्याची नोंद २०१६ मध्ये कुणी खरेदी करून आपल्या साठ्यात ठेवली असेल तर ती तिथे आजही ‘दोषी’च आहे. न्यायालयाने आपला कागद दुरुस्त केला, पण नक्कल करून नेणाऱ्याच्या घरी जाऊन ती दुरुस्ती कोणी करत नाही. मूळ दप्तर जिवंत असते. त्यावर नवी ओळ चढू शकते. विकत मिळणारी प्रत ज्या दिवशी घेतली त्या दिवशीच गोठलेली असते.

हे वाचून कोणी म्हणेल, नोंदी एवढ्या धोक्याच्या असतील तर त्या लोकांसाठी बंदच का करू नयेत? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर शिकागोत सापडते. १९८० नंतरच्या काही वर्षांत एफबीआयने, शिकागो जिच्यात येते त्या कुक काउंटीच्या न्यायालयांत ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ नावाची छुपी चौकशी चालवली. टेरेन्स हेक नावाचा एक तरुण सरकारी वकील लाच घेणारा असल्याचे सोंग घेऊन आत वावरला. बाहेर आले ते असे, की दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटले पैसे घेऊन निकालात काढले जात होते, आणि त्यात वाहतूक न्यायालयाचे न्यायाधीश सामील होते. दोषी ठरलेला पहिला न्यायाधीश जॉन मर्फी, १९८४ साली. पुढे नव्वदहून अधिक लोकांवर आरोपपत्रे गेली आणि पंधरा न्यायाधीश दोषी ठरले. ही लबाडी खुल्या दप्तरामुळे नव्हे, छुप्या ध्वनिमुद्रणामुळे सापडली, हे मी मान्य करतो. पण म्हणून दप्तराचे महत्त्व कमी होत नाही. एकाच न्यायाधीशासमोरचे, एकाच वकिलाचे डीयूआय खटले ओळीने वाचले तर सुटकेचा कल डोळ्यांत भरू शकतो. तो वाचायला दप्तर उघडे असावे लागते आणि वाचणारा असावा लागतो. कँडेस लाइटनर यांनी आपली तेरा वर्षांची मुलगी मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली गेल्यावर १९८० मध्ये ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना सुरू केली. तिचे स्वयंसेवक आज कित्येक काउंट्यांच्या न्यायालयांत बसून, कोणत्या खटल्याचा काय निकाल लागला, किती मागे घेतले गेले, याची टिपणे ठेवतात. न्यायालयीन कागद पाहण्याचा लोकांचा जुना हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला आणि फौजदारी खटला उघड्या दाराने चालावा हे १९८० मध्ये सांगितले, ते यासाठीच. न्यायालय काय करते हे लोकांना दिसावे. एखादा माणूस कसा आहे हे दिसावे, हा त्यामागचा हेतू नव्हता.

या दोन हेतूंतला फरक दप्तर कसे लावलेले आहे यातच उमटतो. काउंटीचे दप्तर खटल्यावार लावलेले असते. कोणत्या तारखेला, कोणत्या न्यायाधीशासमोर, कोणता क्रमांक. खासगी साठे तेच कागद उलटवून माणसावार लावतात. त्यात न्यायाधीशाचे नाव गळते, सरकारी वकिलाचे गळते, कित्येकदा निकालही गळतो, आणि आरोपीचे नाव तेवढे मोठ्या अक्षरांत उरते. १९८९ साली एफबीआयकडच्या गुन्हेविषयक नोंदींच्या संकलनावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पत्रकारांचे म्हणणे होते की यातली प्रत्येक बाब कुठल्या ना कुठल्या काउंटीत सार्वजनिकच आहे, मग एकत्र केलेली यादी द्यायला काय हरकत? न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने ती मागणी फेटाळली. देशभरच्या न्यायालयांत, काउंटीच्या अभिलेखागारांत, ठाण्याठाण्यांत पायपीट करून जे मिळू शकते आणि जे एका ठिकाणी गोळा करून ठेवलेले आहे, त्यांत फार मोठा फरक आहे, असा त्यातला विचार होता. विखुरलेपणाने येणाऱ्या या आडोशाला तेव्हापासून कायद्यात स्थान आहे. ज्याला खरेच गरज आहे त्याने जाऊन पाहावे. नुसत्या कुतूहलाने फिरणाऱ्याला ते बसल्याजागी मिळू नये. मला हा न्याय वाटतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मेलेल्यांच्या बाजूने येतो. सडकसुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये मद्यधुंद चालक असलेल्या अपघातांत १३,५२४ माणसे गेली, २०२३ मध्ये १२,४२९. दर दहा रस्तेबळींमागे तीन, असे हे प्रमाण आहे. मग एका काउंटीत पकडला गेलेला चालक शेजारच्या काउंटीत किंवा राज्यात कोऱ्या पाटीने फिरू लागला तर? सगळ्यांसाठी एकच खिडकी असती तर तो लपला नसता, असे म्हणणाऱ्याच्या मनातली कळकळ मला परकी नाही. पण रस्त्यावरचे माणूस वाचवण्याचे काम खासगी संकेतस्थळ करत नाही. ते काम परवान्याची व्यवस्था करते आणि ती वेगळी उभी आहे. १९६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर स्थापन केले. ज्याचा परवाना रद्द किंवा स्थगित झाला आहे अशा चालकाने दुसऱ्या राज्यात नवा परवाना मागितला तर त्या राज्याला ते कळते. व्यावसायिक परवानाधारकाची दोषसिद्धी तडजोडीने झाकून ठेवायला केंद्रीय नियमांनी राज्यांना मनाई केली आहे. चालक नेमणारा मालक परवान्याची अधिकृत नोंद मागवू शकतो, त्याला अफवेवर अवलंबून राहावे लागत नाही. आणि या केंद्रीय रजिस्टरची रचना पाहा. त्यात चालकाचा सगळा इतिहास साठवलेला नसतो. नोंद कोणत्या राज्याकडे आहे एवढाच निर्देश त्यात असतो, पुढचे त्या राज्याला विचारून घ्यायचे. देशातल्या सर्वांत मोठ्या सुरक्षायंत्रणेनेही नोंद मुळाशीच राहू दिली आहे आणि वाट तेवढी दाखवली आहे. काउंट्यांच्या न्यायालयीन नोंदींसाठी एक खिडकी करायची असेल तर ती अशीच असावी. खटला कोणत्या न्यायालयात आहे आणि त्याचा क्रमांक काय, एवढे तिने सांगावे. विस्कॉन्सिनचे सरकारी संकेतस्थळ याच्या बरेच जवळ जाते, कारण ते न्यायालयाच्याच चालू नोंदींतून भरते आणि दप्तर बदलले की तेही बदलते.

काउंटीत जाणे गरिबाला परवडत नाही, हा आक्षेपही मला बरोबर वाटतो, आणि त्याचा इलाज क्लार्कच्या हातात आहे. कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्याचे कागद सर्वसामान्य लोकांना घरबसल्या पाहता येत नाहीत, कोर्टातल्या संगणकावरच पाहावे लागतात. दूरच्या काउंटीत खटला चाललेल्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला आपलाच निकाल मिळवायलाही एक दिवसाची मजुरी बुडवावी लागू शकते. आरोपीला स्वतःच्या निकालाची नक्कल टपालाने आणि नाममात्र दरात मिळालीच पाहिजे. तिसऱ्या माणसाने पायपीट करावी, हे मी वर म्हटले. ज्याचा खटला त्याने का करावी?

आपल्या परदेशस्थ मंडळींना हे सगळे लागू पडते, कारण त्यांच्याकडून अखेर हाच कागद मागितला जातो. व्हिसावर असलेल्या माणसाला गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे २०१५ पासूनचे धोरण आहे. नागरिकत्वाच्या अर्जात अटकेचा प्रश्न असतो आणि खटला मागे घेतला गेला असला तरी ‘हो’ लिहून निकालाचा प्रमाणित कागद जोडावा लागतो. अर्जासाठी पाहिल्या जाणाऱ्या काळात दोन दोषसिद्धी असतील तर वर्तन चांगले नसल्याचे गृहीत धरले जाते, असे २०१९ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलनी ठरवले आहे. अशा वेळी संकेतस्थळाचे छापलेले पान कुणी विचारात घेत नाही. लागते ती त्या काउंटीच्या, किंवा न्यू जर्सीसारख्या राज्यात त्या गावाच्या, क्लार्कने सही-शिक्क्यानिशी दिलेली निकालाची नक्कल. आपल्या घरात कुणावर असा खटला झाला असेल तर ती आजच मागवून ठेवा, दोन प्रती मागवा आणि नाव कागदावर ज्या स्पेलिंगने पडले आहे ते टिपून ठेवा. किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा अधिकार न्यायालयांना असतो. फाइल गेली असेल तर तसे लिहिलेले प्रमाणित पत्र क्लार्क देतो आणि त्या पत्रावर अर्ज पुढे जाऊ शकतो.